कासवाच्या उंचीवर

वाचकहो, आपल्या मोबाईलमध्ये फुले, पक्षी, डोंगर, सूर्यास्त यांची किती छायाचित्रे आहेत? त्यांतील एखादा क्षण डोळे मिटून पुन्हा अनुभवता येतो का?

मागच्या पावसाळ्यात तळ्याकाठी मला एक खंड्या दिसला. मी भराभर वीस-पंचवीस फोटो काढले. घरी आल्यावर फोटो होते. पण त्याने मासा पकडला की नाही, हे काही केल्या आठवेना. निसर्ग माझ्यासमोर होता, मी मात्र तिथे नव्हते. मग कॅमेरा आपल्याला निसर्गाशी जोडतो की त्याच्यापासून तोडतो?

या प्रश्नाचा विचार करताना ब्राझीलचे दिवंगत छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादो आठवतात. शिक्षणाने ते अर्थतज्ज्ञ. १९७३ मध्ये चांगली नोकरी सोडून त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे अनेक वर्षे कष्टकऱ्यांचे व विस्थापितांचे जीवन टिपले. रवांडातील १९९४ चा नरसंहार पाहून मात्र ते शरीराने आणि मनाने खचले. माणसावरचा त्यांचा विश्वास उडाला. ते वडिलांच्या जमिनीवर परतले, तर लहानपणी पाहिलेले जंगल तिथे उरलेच नव्हते. पत्नी लेलिया म्हणाल्या, आपण इथे पुन्हा जंगल लावू. १९९८ मध्ये दोघांनी त्यासाठी संस्था स्थापन केली. पुढे तिथे २० लाखांहून अधिक झाडे लावली गेली. आटलेले झरे वाहू लागले, पक्षी-प्राणी परतले. जमिनीबरोबर साल्गादोही सावरले.

त्यानंतर, २००४ मध्ये, त्यांनी निसर्गाच्या छायाचित्रांचे मोठे काम हाती घेतले. सुरुवात गालापागोस बेटांवर झाली. तिथले एक महाकाय कासव त्यांना पाहताच दूर जाई. तेव्हा साल्गादो गुडघे आणि तळहात टेकून कासवाच्या उंचीवर आले. ते थोडे मागेही सरले, जणू ‘ही जागा तुझी आहे’ असे सांगत. मग कासवच त्यांच्याजवळ आले.

कॅमेरा तोच होता, धरणारा वाकला होता. आपण देवळात दर्शनाला जातो तेव्हा देवाला पाहतोच, पण त्याच्या दृष्टीसही पडतो. तिथे अहंकार चपलांबरोबर बाहेर ठेवावा लागतो. निसर्गाचेही असेच दर्शन घेता येते. ‘मला काय मिळेल’ हा हिशेब थांबला की समोरचा जीव ‘विषय’ राहत नाही, आपला सोयरा होतो.

आपण म्हणाल, नुसत्या छायाचित्राने झाड उगवते का? नाही उगवत. सुंदर चित्र पाहून क्षणभर हळहळणे आणि पुढचे चित्र पाहणे, ही करमणूकही होऊ शकते. म्हणूनच साल्गादो यांच्या कामातील क्रम मला मोलाचा वाटतो. आधी त्यांनी मातीत हात घातले, मग निसर्गाकडे कॅमेरा वळवला. जे पाहिले त्याची जबाबदारी घेतली, तरच पाहणे पूर्ण होते.

या आठवड्यात एक छोटी साधना करून पाहूया. झाड, पक्षी किंवा नदी दिसली की पाच मिनिटे मोबाईल खिशातच ठेवायचा. शांत बसायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचे, मग पाहायचे. त्यानंतर फोटो जरूर काढा. पण त्याआधी मनात एकच प्रश्न विचारा: मी याच्यासाठी काय करणार आहे?