ठाण्याचे महापौर, कळव्यातून पाहताना

2024 च्या लोकसभा निवडणुकीत ठाणे मतदारसंघात नरेश म्हस्के आणि राजन विचारे समोरासमोर उभे राहिले. शिवसेनेच्या दोन गटांचे हे उमेदवार, दोघेही आनंद दिघे यांचे नाव घेणारे आणि दोघेही ठाण्याचे माजी महापौर. म्हस्के जिंकले. आम्हा कळवेकरांना त्या लढतीत मत नव्हते, कारण मुंब्रा-कळवा हा विधानसभा मतदारसंघ कल्याण लोकसभेत मोडतो. महापौर मात्र दोघेही आमचे होऊन गेलेले.

ठाण्यात महापौरपद हा राजकारणातला मोठा टप्पा आहे. 1 ऑक्टोबर 1982 रोजी महापालिका झाली, पहिली निवडणूक 1986 मध्ये. पहिले महापौर सतीश प्रधान पुढे 1992 ते 2004 राज्यसभेत होते. काँग्रेसचे वसंत डावखरे महापौर झाले आणि नंतर विधान परिषदेचे उपसभापती म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. राजन विचारे 2005 मध्ये महापौर, मग आमदार, मग दोन वेळा खासदार. ही माणसे कर्तबगार होती, यात वाद नाही. प्रश्न असा की त्या खुर्चीवर बसून त्यांना शहरासाठी नेमके काय करता येत होते?

कायद्यात उत्तर स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. मुदत अडीच वर्षे, त्यातही कोणत्या प्रवर्गाला पद जाणार हे मंत्रालयातल्या सोडतीत ठरते. म्हणून ठाणेकरांना रस्तारुंदीकरण आठवते ते टी. चंद्रशेखर या आयुक्तांच्या नावाने. त्या काळचे महापौर कोण, हे विचारले तर जुने कार्यकर्तेही थोडे थांबतात. आणि ठाण्यातून सर्वांत वर गेलेले एकनाथ शिंदे कधी महापौर झालेच नाहीत. ते 1997 मध्ये नगरसेवक आणि 2001 मध्ये सभागृह नेते झाले. पक्षाचा निर्णय सभागृहात कोण रेटतो, हे महत्त्वाचे होते. साखळी कोणाच्या गळ्यात आहे, हे नव्हते.

हे सारे खाडीच्या अलीकडून जास्त जाणवते. पारसिकच्या डोंगराच्या कुशीत वाढलेल्या कळव्यात पाणी कमी दाबाने आले, गटार तुंबले, डोंगर उतारावरच्या वस्तीत दरड कोसळली, की माणूस नगरसेवकाकडे जातो. नगरसेवक प्रभाग समितीत बोलतो, नाहीतर सभेत लक्षवेधी मांडतो. महापौर प्रशासनाला उत्तर द्यायला सांगतात. अधिकाराचा हा धागा बारीक आहे, पण सामान्य माणसाच्या हातात तोच एक आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तोही तुटला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच.

याच काळात ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. हे रुग्णालय महापालिकेचे. ठाण्यापलीकडून, पार शहापूर-मुरबाडकडूनही रुग्ण इथे येतात. मुख्यमंत्री ठाण्याचे होते, मंत्री आले, चौकशी समिती नेमली गेली. पण त्या 18 घरांतले कोणी विचारायला आले असते, तर ज्या सभेत या मृत्यूंवर जाहीर चर्चा व्हायला हवी होती, ती सभा अस्तित्वातच नव्हती. महापौर असते तर रुग्ण वाचले असते, असे मी म्हणत नाही. खाटा किती, डॉक्टर किती, परिचारिका किती, हे प्रश्न इतिवृत्तात नोंदले गेले असते. पुढच्या अंदाजपत्रकात कोणी त्यांचा हिशेब मागितला असता.

महापौरांना खरे अधिकार द्यावेत, म्हटले की मुंबईचा दाखला दिला जातो. तिथे 1998 मध्ये महापौर परिषदेची पद्धत आणली आणि वर्षभरात गुंडाळली. ठेकेदार आणि पुढारी यांची युती बळावेल, ही भीती खोटी नाही. पण आजच्या पद्धतीत ती युती थांबली आहे का? आज निर्णय आयुक्तांच्या सहीने होतो, दबाव मात्र पडद्याआडून येतो आणि मतदाराला जाब विचारायला समोर कोणीच नसते. अडीच वर्षे हारतुरे घेऊन माणूस पुढच्या निवडणुकीला मोकळा होतो, कारण त्याच्या नावावर चुकलेले काम लागतच नाही. माझ्या मते महापौरांना पूर्ण पाच वर्षे द्यावीत, आरोग्य आणि पाणीपुरवठा या दोन खात्यांचे थेट अधिकार द्यावेत, आणि त्या खात्यांचा वार्षिक अहवाल त्यांच्याच सहीने सभेपुढे यावा. तेव्हा खासदारकी मागायला आलेल्या माजी महापौराला आपण रुग्णालयाबद्दल विचारू शकू.

जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा भरले आहे. कायदा बदलायला वेळ लागेल, पण प्रश्न विचारायला कायदा बदलावा लागत नाही. कळवेकरांनी आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांपैकी एकाला तरी गाठून सांगावे, की कळवा रुग्णालयातल्या रिकाम्या पदांचा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेत मांडा आणि प्रशासनाचे उत्तर लेखी मागा.