इलाज की तजुर्बा?

मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने दिलेली संमती खरी मानायची का? हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी २००६ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग शरीरभर पसरलेले १७ रुग्ण त्यात होते. रुग्णाच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी काढायच्या, विषाणूच्या मदतीने त्यांत कर्करोग ओळखणारे जनुक घालायचे आणि त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडायच्या, अशी ही पद्धत. दोघांच्या गाठी विरल्या. वर्ष उलटले तरी त्या परतल्या नव्हत्या. उरलेल्या १५ जणांना टिकणारा गुण आला नाही. आम्हाला त्या १५ जणांविषयी बोलायचे आहे.

आपल्या दीनमध्ये अमलाचे मोल नियत पाहून ठरते. इथे डॉक्टरांची नियत शिकण्याची, पुढच्या रुग्णांसाठी वाट शोधण्याची असते. रुग्णाची नियत जगण्याची असते. दोन्ही नेक आहेत, पण एक नाहीत. सहीचा कागद मात्र एकच. त्यात ‘जनुकोपचार’ या नावातच उपचाराचे आश्वासन दडलेले. उर्दूत प्रयोग आणि अनुभव या दोन्हींना तजुर्बा हा एकच शब्द आहे. डॉक्टरांचा प्रयोग हा रुग्णाचा भोग असतो, हे त्या शब्दाला ठाऊक आहे.

मग मरणासन्न माणसाला विचारूच नये काय? तसे करणे म्हणजे त्याचा देण्याचा हक्क काढून घेणे. पेशींत जनुक घालण्याच्या याच वाटेवरची, रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती मुंबईच्या आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्यातून उभी राहिली व २०२३ साली तिला भारतात मान्यता मिळाली. अशा प्रत्येक यशाखाली गुण न आलेल्या अनेकांचे देणे आहे. लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान मागे ठेवणे ही सदका-ए-जारियाच.

परंतु सदका जाणून द्यावा लागतो. १९९९ साली पेनसिल्व्हेनियात यकृताच्या विकारावरील जनुकोपचाराच्या प्रयोगात जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. त्याआधी माकडे दगावल्याचे संमतीपत्रात सांगितलेच नव्हते, असे चौकशीत निघाले. असे लपवून घेतलेले दान दान राहत नाही.

म्हणून सहीपूर्वी डॉक्टरांनी रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे: यातून तुम्ही बरे व्हाल असे नाही, पण पुढे कुणी तरी बरे होईल. एवढे ऐकून जो हो म्हणेल, त्याचीच संमती आम्ही खरी मानू.