घरच्यासारखी

धरमपेठेत, सिव्हिल लाइन्समध्ये घरीच राहून बाळ सांभाळणाऱ्या मुलीविषयी आपण सहज म्हणतो, "ती अगदी घरच्यासारखी आहे." म्हणणारे आपणच, तिला कोणी विचारलेले नसते. घरच्या माणसाने रात्री दोनदा उठून बाळाला थोपटले तर त्याचे पैसे मागायचे नसतात, रजाही मागायची नसते. मग हा प्रेमाचा शब्द आपल्याच सोयीचा तर नाही ना?

आपल्या नागपुरात रूपा कुलकर्णी यांनी १९८० मध्ये विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा २००८ चा. आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने २०११ मध्ये घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास सुटी मान्य केली. त्या कराराला भारताने अजून अनुमोदन दिलेले नाही. ते दिले, तरी पाळण्याशेजारी गादी टाकून झोपणाऱ्या मुलीचे काम किती वाजता संपले, हे बाहेर कोणाला कळणार? ते आपल्यालाच ठाऊक असते.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात फारोची मुलगी मोशेला दूध पाजायला एक बाई ठेवते. ती त्याची सख्खी आईच असते, आणि तरीही तिला वेतन ठरते! माया आणि मजुरी यांचे तिथे भांडण नाही.

रविवारी मिस्साला निघताना आपण बाळ तिच्याकडे देतो. कधी कधी तीही आपल्या गावचे चर्च मागे ठेवून आलेली असते. येत्या रविवारी बाळ आपल्याच कडेवर असू द्या, आणि तिला कुठे जायचे आहे ते तिलाच विचारा.