फोटोची मागची बाजू

नाशिकमधल्या एका वधू-वर सूचक केंद्राची वेबसाइट करायचं काम एका तरुण प्रोग्रॅमरकडे आलं. केंद्र चालवणाऱ्या काकूंनी अट एकच घातली: दोन्ही घरांचा होकार आल्याशिवाय मुलीचा पत्ता कोणाला दिसता कामा नये. पोराने पत्त्याच्या रकान्याचा कडेकोट बंदोबस्त केला. प्रोफाइल फोटोचं मात्र त्याने फारसं मनावर घेतलं नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘जेपीजी’ आहे ना, आकार २ एमबीच्या आत आहे ना, एवढं बघायचं आणि फाइल आली तशी सर्व्हरवर ठेवायची.

साइट दाखवायला तो केंद्रात गेला. काकूंनी चष्मा सावरत एकेक स्थळ पाहिलं आणि विचारलं, “यांच्या मागे काय लिहिलंय?”

“कशाच्या मागे?”

“अरे, फोटोच्या!” काकूंनी कपाटातून जुना अल्बम काढला. पूर्वी लोक फोटोच्या पाठीवर नाव, गाव, कधी कधी सबंध पत्ताच लिहून द्यायचे. काकू त्या पाठीला सगळीकडून खळ लावून फोटो पानावर पक्का चिकटवायच्या. “नाहीतर एखादा बेरकी पाहुणा फोटो उचकटून पत्ता उतरवून घ्यायचा आणि परस्पर मुलीच्या दारात जाऊन उभा राहायचा.”

पोरगा हसला. “काकू, या फोटोंना पाठ नसते.”

रात्री मात्र त्याला राहवेना. त्याने एका मुलीचा फोटो साइटवरून उतरवून घेतला आणि त्यात कॅमेऱ्याने आपोआप नोंदवलेली माहिती, म्हणजे एक्झिफ, उघडली. फोनचं मॉडेल, तारीख, वेळ, त्याखाली अक्षांश-रेखांश. ते आकडे नकाशात टाकल्यावर टाचणी सिन्नरच्या एका गल्लीतल्या घरावर जाऊन बसली. रकाना कुलपात, आणि पत्ता फोटोच्या पाठीवर! २०१२ साली बेलीझमधून पळालेला जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात आहे, हे जगाला कळलं तेही ‘व्हाइस’ मासिकाने टाकलेल्या फोटोतल्या अशाच आकड्यांमुळे. अँटीव्हायरस विकून नाव कमावलेला माणूस तो. तिथे स्थळ शोधणाऱ्या मुलीची काय कथा!

पोराने एक्झिफ सरसकट पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. “अरे, हा नवरदेव आडवा का पडलाय?”

फोन उभा धरला तरी कॅमेरा बरेचदा चित्र आडवंच साठवतो आणि दाखवताना ते किती फिरवायचं याची खूण एक्झिफमध्ये ठेवतो. पुसापुशीत ती खूणही गेली होती. मग त्याने नीट घडी बसवली. आधी खुणेप्रमाणे फोटो सरळ करायचा, मग ठरलेल्या मापात तो नव्याने तयार करायचा, म्हणजे फक्त पिक्सेल पुढे जातात. नव्या फाइलला नाव आपणच द्यायचं, आणि ती अशा फोल्डरमध्ये ठेवायची जिथे कुठलाही कोड चालत नाही.

आधी आलेल्या सगळ्या फाइली या वाटेने जाऊ दिल्या, तेव्हा एक अडकली. नावाने ती ‘जेपीजी’च होती. पण जेपेग फाइलचे पहिले तीन बाइट ठरलेले असतात, ते हिच्यात नव्हते. आत पीएचपीचा, म्हणजे सर्व्हरवर चालू शकणारा, कोड होता. कोणीतरी दार चाचपून गेलं होतं. सर्व्हरने तो कोड चालवला नाही हे नशीब; त्यात पोराची हुशारी काही नव्हती.

“आणि लोकांनी दिलेले मूळ फोटो?” काकूंनी विचारलं.

“ठेवलेत सर्व्हरवर. असू द्यावेत, कधी लागले तर.”

“कशाला लागतील?”

याला उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याने ते पुसले, बॅकअपमधलेसुद्धा.

फोटो मागणाऱ्या प्रत्येक साइटमागे अशा काकू बसलेल्या नसतात. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करायची सोय असते. स्थळासाठी फोटो काढण्याआधी तेवढं बघून घ्या.