नितळ आणि निवळलेलं

मुलांना पाण्याचं वर्णन शिकवायचं म्हटलं की आपण निबंधाच्या वहीकडे वळतो. नदी खळखळते, झरा झुळझुळतो, लाटा फेसाळतात. घर कोथरूडचं असो की दिल्लीच्या मयूर विहारमधलं, शब्द तेच. आता यातला ‘फेसाळ’ उचलून मयूर विहारच्या दक्षिणेला, कालिंदी कुंजपाशी न्यावा. आपली दिवाळी संपून छठपूजा येते त्या सुमारास तिथे यमुनेवर पांढराशुभ्र फेस तरंगत असतो. साबणातली द्रव्यं आणि फॉस्फेट असलेलं सांडपाणी ओखल्याच्या बंधाऱ्यावरून कोसळताना घुसळून निघतं, त्याचा हा फेस. यमुना 1,376 किलोमीटर वाहते. त्यातले वजीराबाद ते ओखला हे जेमतेम 22 किलोमीटर दिल्ली शहरातले. वजीराबादला पिण्यासाठी पाणी उचललं जातं आणि कोरड्या महिन्यांत पुढे वाहतं ते बहुतेक नाल्यांचंच. ‘फेसाळ म्हणजे सुंदर’ असं शिकलेल्या मुलाने इथे वहीवर विश्वास ठेवावा की नाकावर? माझं म्हणणं एवढंच, की पाण्याचे शब्द अलंकार म्हणून शिकवू नयेत, पारख म्हणून शिकवावेत.

पारखीचे शब्द मराठीत भरपूर आहेत, पण ते निबंधात कमी आणि स्वयंपाकघरात, विहिरीवर जास्त सापडतात. पाणी ‘जड’ म्हटलं की डाळ शिजायला वेळ लागणार आणि साबणाला फेस येणार नाही हे आलंच. ‘मचूळ’ म्हटलं की तोंड आपोआप वाकडं होतं. ‘गढूळ’ म्हणजे टाकाऊ नव्हे. थांबा, बसू द्या, तुरटी फिरवा. ‘नितळ’ डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगतं, ‘निवळलेलं’ मात्र पाण्याचा पूर्वेतिहास सांगतं: आधी गढूळ होतं, गाळ खाली बसलाय, भांडं हलवू नका. हा फरक यादी पाठ करून कळत नाही. काचेच्या बरणीत मूठभर माती ढवळून, तुरटी फिरवून तासभर ठेवली तर सहा वर्षांच्या मुलालाही कळतो. मात्र निवळलेलं म्हणजे निर्जंतुक नव्हे, हेही त्याच बैठकीत सांगायला हवं.

दिल्लीतलं मूल हिंदी-इंग्रजीत वाढतं, त्याच्यावर हे ओझं कशाला, असं विचारलं जाईल. पण पाण्याचे शब्द हरवले यात दोष हिंदीचा नाहीच. दिल्लीचा मसाल्याचा बाजार खारी बावली. बावली म्हणजे बारव; ती गेली, पण तिच्या पाण्याची चव नावात राहिली. वर्ध्यात जन्मलेले आणि दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानात आयुष्य घालवलेले अनुपम मिश्र हिंदीतच लिहीत. राजस्थानात पावसाचं ते पालर, भूगर्भातलं ते पाताळ आणि वाळूखालच्या ओलीतून झिरपणारं ते रेजाणी, अशी पाण्याची तीन रूपं त्यांनी वाचकांसमोर ठेवली. शब्द आटले ते नळामुळे. फ्लॅटमधल्या मुलासाठी पाणी ‘आलं’ किंवा ‘गेलं’, बस्स.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एस्किमोंकडे बर्फासाठी शेकडो शब्द असल्याची दंतकथा मानववंशशास्त्रज्ञ लॉरा मार्टिन यांनी 1986 मध्ये उघडी पाडली. तेव्हा शब्द वाढले की दृष्टी वाढते, हे गृहीत धरता येत नाही. मान्य. मलाही शब्दांची संख्या नकोच आहे, दोन शब्दांतला फरक मुलाला वापरता यावा एवढंच हवं. मग टीडीएस मीटर आहे की, असं कुणी म्हणेल. ते विरघळलेले क्षार मोजतं; जंतू नाही, वासही नाही. भारतीय मानकातल्या लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत आकडा आला, तरी त्या पाण्याबद्दल बरंच विचारायचं उरतं.

दोन शब्दांतला फरक वापरायचा कसा, याचं एक उदाहरण. जुलै 2023 मध्ये दिल्लीत यमुनेची पातळी 208.66 मीटरवर गेली. आकडा सगळीकडे छापून आला आणि सगळ्याला ‘पूर’ हा एकच शब्द पुरला. वास्तविक नदी ‘चढली’ होती. दिल्लीतल्या आयटीओ भागातल्या रस्त्यांवर मात्र नाल्यातून उलटं ‘शिरलेलं’ पाणीही होतं, कारण तिथल्या नाल्याचा रेग्युलेटर निकामी झाला होता. चढलेल्या पाण्याचा जाब वरच्या पावसाला आणि हथिनीकुंड बंधाऱ्याच्या विसर्गाला विचारायचा, शिरलेल्याचा रेग्युलेटर सांभाळणाऱ्या खात्याला.