भेग बुजवण्याआधी

रात्रीची कामं उरकली की थोडा वेळ नुसतं बसा. खुर्ची चालेल, पाट चालेल. मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू द्या. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पूर्ण शांतता कधी नसते. कुठल्या तरी फाउंड्रीचा ब्लोअर चालू असतो, पुणे-बंगळूर महामार्गावरून ट्रक जात असतात. तो आवाज मनातून काढायचा प्रयत्न करू नका. तो ऐकत राहिलात की त्याच्याखाली दुसरे आवाज लागू लागतात. पत्र्यावर काही सरकल्याचा, मोरीच्या जाळीखाली कुरतडल्याचा, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर अचानक ओरडून उठलेल्या टिटवीचा.

आता घरातली एक भेग आठवा. एकच. उंबऱ्याखालची असेल, मोरीच्या पाइपाभोवतीची असेल, शटरच्या पेटीतली असेल. ती बुजवायची कितीतरी दिवसांपासून राहिली आहे, हे आठवताच मनात घाई उठेल. ती उठू द्या. आज सिमेंट कालवायचं नाही. आज फक्त बघायचं आहे.

ही भेग आली कुठून? कागल, हातकणंगल्याच्या बाजूचा हा माळ. वर मुरूम, खाली काळा कातळ. दुधगंगेकडे उतरत गेलं की काळी माती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून फाटते. तिच्यावर उभी असलेली भिंत दर वर्षी थोडी उचलली जाते, थोडी खाली बसते. जोत्यात भरलेला मुरूम नीट चोपला नसेल तर फरशी आणि भिंत एकमेकींपासून सुटतात. आपण गवंड्याला दोष देऊन मोकळे होतो. पण पायाखालची जमीन हलती आहे, आणि घर बांधून झालं तरी तिचं हलणं थांबत नाही. एवढं मनात ठरू द्या. एक श्वास सावकाश घ्या.

मग भेगेच्या पलीकडे जा.

टाकीच्या नळाचा वॉशर गेलेला असतो. थेंब थेंब पाणी मागच्या भिंतीशी पडतं. तिथं ओल धरते, ओलीला किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि पाल येते. शेजारी खरकट्याचा डबा उघडा असतो, म्हणून उंदीर येतो; त्याच्यामागून घूस येते आणि जोत्याखाली बीळ पाडते. नाग, धामण, मण्यार यांपैकी कुणीच स्वतः बीळ खणत नाही. दुसऱ्यानं केलेल्या बिळात ते शिरतात, कारण तिथं गारवा आहे आणि खायला आहे. म्हणजे ‘जनावर निघालं!’ अशी हाक गल्लीत उठते तेव्हा आपण गोष्टीचा शेवट ऐकत असतो. सुरुवात एका गळक्या नळापाशी झालेली असते, तीही काही महिन्यांपूर्वी.

या साखळीवर मन थोडं जास्त वेळ ठेवा. थेंब, ओल, बेडूक. खरकटं, घूस, बीळ. यात कुणी तुमच्यावर चालून आलेलं नाही.

गळीत हंगामात ही साखळी शेताच्या बाजूनंही ओढली जाते. शाहू कारखान्याची तोड सुरू झाली की उभा आडोसा एका दिवसात आडवा होतो. उसातले उंदीर बांधाला येतात, बांधावरून वस्तीला, आणि त्यांच्या मागावर असलेला सापही.

आता भीतीकडे वळा. ती घशात जाणवते की पोटात, ते बघा. तिला खोटं ठरवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप खरोखर जीव घेतात. पण भीतीला डोळे द्यावे लागतात. धामण बिनविषारी आहे आणि उंदरांवर जगते. ओढ्याकाठचा दिवड चिडतो, चावतो, पण त्याला विष नाही. भिंतीवर पालींच्या मागे चढणारा कवड्या मण्यारीसारखा दिसतो म्हणून मारला जातो. काठी उचलली की हे सगळे एकसारखेच दिसतात, आणि काठीच्या टप्प्यात गेल्यामुळेच पुष्कळ माणसांना दंश होतो.

मण्यारीची गोष्ट वेगळी आणि इथं फार जवळची आहे. ती रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश इतका बारीक असतो की कधी कधी दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, श्वास अडतो. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरीच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत किती कामगार फरशीवर पथारी टाकून झोपतात, त्यांचे चेहरे क्षणभर समोर आणा. रात्रपाळीहून आलेला पोरगा अंधारात चप्पल काढतो आणि आडवा होतो. त्याच्या दाराखाली दोन बोटांची फट आहे. ती फट घरमालकाची आहे. एक रबरी पट्टी, एक खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी यांनी त्या पोराचा जीव वाचू शकतो. मला या सगळ्या विषयात ही एक गोष्ट सर्वांत निकडीची वाटते.

पुन्हा आपल्या भेगेकडे या. तिच्यात कोण आहे, हे कळायला किती दिवस लागतील? साप असेल तर तोंडाशी पसरलेल्या राखेवर किंवा पिठावर सकाळी सरपट दिसेल. चिमणी असेल तर दिवसाच कळेल. चोचीत काडी घेऊन ती शटरच्या पेटीत शिरताना दिसेल. चिमणीची अंडी साधारण बारा दिवसांत फुटतात, आणखी पंधरा दिवसांत पिलं उडतात. महिनाभर शटर जपून उघडलं तर एक पिढी बाहेर पडते. मोकळ्या प्लॉटवर मुरमाचा ढीग पसरायचा असेल आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल, तर तिची खड्यांसारखी दिसणारी अंडी जवळच आहेत. जेसीबी चार पावलं बाजूला घेता येतो. एका गवंड्याच्या तोंडून ऐकलेलं वाक्य माझ्या मनातून जात नाही: ‘दादा, बुजवतो की, पण आत काय हाय ते आधी बघू दे.’ आत जीव असताना बुजवलेलं बीळ म्हणजे थडगं होतं. कधी तो जीव दुसऱ्या वाटेनं घराच्या आतच निघतो.

नागपंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, विळीवर भाजी चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत. नागाला दूध पाजणं चुकीचं आहे. ते त्याचं अन्न नाही, आणि पकडलेल्या तहानलेल्या नागाचे त्यात हालच होतात. पण खणणं एक दिवस थांबवायची ही रीत मला फार शहाणी वाटते. श्रावणात बिळं पाण्यानं भरलेली असतात, सगळेच जीव आडोसा शोधत असतात. त्या दिवशी माणसाचा हात मागे राहतो. तसा मागे घेतलेला हात आता मांडीवर ठेवा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

मग उठा आणि दुरुस्ती करा, कारण करायचीच आहे. आधी नळाचा वॉशर बदला. खरकट्याच्या डब्याला झाकण लावा. भिंतीला टेकलेल्या विटा, जुने पत्रे, लाकडं हातभर दूर, उंचावर रचा. आणि ती हलवताना हाताआधी बॅटरीचा उजेड आत जाऊ द्या. बीळ रिकामं आहे याची खात्री झाल्यावर त्यात काँक्रीट भरा, नुसती माती नको. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. पत्र्याच्या हुकांचे वॉशर मृगाच्या आधी बदला, पाऊस लागल्यावर नव्हे.

साप घरात दिसला तर मुलांना बाहेर काढा, लांबून नजर ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. कुणाला दंश झालाच तर चिरू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. दंश झालेला अवयव न हलवता 108 ची गाडी बोलवा आणि सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडच्या या चारही प्रमुख विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं. हे दोन क्रमांक आज रात्रीच दाराच्या आतल्या बाजूला ठळक लिहा, आणि शेजारच्या खोलीतल्या परगावच्या कामगाराला त्याच्या भाषेत लिहून द्या.