वहीतला आकडा

शनिवारी रात्री मावशीच्या मोबाइलवर मेसेज आला: क्रेडिट कार्डावरून १८,४०० रुपये खर्च झाले. तिने काही घेतलं नव्हतं, ओटीपीही कुणाला दिला नव्हता. (परदेशी संकेतस्थळांवर कार्ड कित्येकदा ओटीपीशिवायच चालतं.) फोन तिने उशीखाली सारला आणि गुरुवारपर्यंत घरात कुणाला काही बोलली नाही. लोक म्हणतील, म्हातारी फसली.

या गप्प बसण्याची किंमत ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेला नियम सांगतो, की चूक ना ग्राहकाची ना बँकेची, असा अनधिकृत व्यवहार मेसेज आल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला, तर ग्राहकावर एक रुपयाही पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवला, तर मावशीसारख्या पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या कार्डावर दहा हजारांपर्यंतची झळ सोसावी लागते. सोम, मंगळ, बुध. गुरुवार चौथा.

मला वाटतं, ही नुसती लाज नाही. कार्ड म्हणजे उधारी, आणि सावकाराच्या वहीतला आकडा ‘माझा नाही’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी कर्जखतं जाळली, कारण खतावर अंगठा दिसला की कोर्ट सावकाराचंच ऐके. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कोर्टाला खतामागचा हिशेब उकरायला लावलं. आजचा नियम त्याहून पुढे गेला आहे: दोष ग्राहकाचा होता हे बँकेने सिद्ध करायचं. शिवाय तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत वादातली रक्कम खात्यावर परत दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा. बँक तीस दिवस गप्प बसली किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. हे सगळं कागदावर आहे, पण तिथवर पोचायला आधी तोंड उघडावं लागतं.

गुरुवारी हेल्पलाइनवर पहिलाच प्रश्न आला, “मॅडम, ओटीपी शेअर केला होता का?” मावशी गडबडली. “नाही हो... चुकलं माझं.” मी फोन घेतला, कार्ड बंद करवलं, तक्रार क्रमांक मागितला. तो तिने दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिला.

रात्री तिला ते कलम वाचून दाखवलं. बराच वेळ ती वहीकडे बघत राहिली.

“सिद्ध त्यांनी करायचं होतं? मग मी चुकलं का म्हणाले?”